नंबर मामंजींच्या नावावर

आमच्या कोचकोर गावात कुणालाही विचारा, बुरुलचा आवाज कसा आहे? लोक म्हणतील, असेल बुवा काहीतरी. सासऱ्यांसमोर सुनेने खालच्या पट्टीत बोलायचं ही आमच्याकडची रीत, आणि बुरुलने ती लग्नाच्या दिवसापासून इतकी चोख पाळली की त्या घरात तिच्यापेक्षा चहाची किटली जास्त बोलते, असं शेजारची कालीमान म्हणायची. पण हाच प्रश्न मॉस्कोत इमारतींचे जिने पुसणाऱ्या किंवा वरच्या कुरणावर घोडींचं दूध काढणाऱ्या आमच्या बायांना विचारा. त्या म्हणतील, बुरुल-एजे, आमची थोरली ताई? बाई गं, फोन कानापासून हातभर लांब धरावा लागतो.

दोन्ही खरं होतं. घराच्या मागच्या अंगाला एक खोली होती, तिच्यात लोकरीच्या नमद्यांच्या वळकट्या छतापर्यंत रचलेल्या असायच्या. रंगीत नमदा कापून, नक्षी जुळवून त्याचे शिरदाक, म्हणजे जमिनीवर पसरायच्या जाड बैठकी शिवणं हे बुरुलचं काम. लोकरीच्या त्या भिंती सगळा आवाज पिऊन टाकत. दार लावलं की ती सुई बाजूला ठेवायची, फोन तोंडाशी धरायची आणि 'सुनांची बैठक' नावाच्या आपल्या ग्रुपात बोलायला लागायची. दिवसभर गिळलेलं सगळं तिथे बाहेर पडायचं.

ग्रुप होता फोनच्या तक्रारींचा. नवरा सामात रशियात बांधकामावर गेला तेव्हा आपला जुना फोन तिच्याकडे टाकून गेला होता. आमच्याकडचा हिवाळा लांबलचक. बुरुलने तो फोन बिघडवला, सुधारला, पुन्हा बिघडवला, आणि वसंत येईपर्यंत तिची फोनशी चांगली ओळख झाली. मग कुणा जावेने विचारलं, फोनात जागा नाही असं का येतं? बुरुलने बोलून उत्तर पाठवलं. ते उत्तर हिच्याकडून तिच्याकडे गेलं, आणि बघता बघता खोऱ्यातल्या आणि खोऱ्याबाहेरच्या शेकडो सुना तिच्या दाराशी, म्हणजे फोनाशी, येऊन बसल्या.

बुरुलला मतं पुष्कळ होती आणि ती मऊ करून सांगायची सवय नव्हती.

"जागा कशी उरेल गं? सासरच्या ग्रुपात रोज सकाळी तीच गुलाबाची फुलं येतात, ती तू जपून ठेवतेस. पुसून टाक! फुलं पाठवणारी कधी बादलीभर पाणी आणून देते का तुला?"

"फुकट इंटरनेट, फुकट खेळ, फुकट सिनेमे. कुणी फुकट कुमिस पाजायला लागलं तर आधी विचारावं, घोडी कुणाची?"

"अपडेट म्हणजे नवऱ्याकडचे पाहुणे. न सांगता येतात, आपली सगळी जागा खातात, आणि गेल्यावर बघावं तर घरातली एक वस्तू जागेवर नाही."

"ऑनलाइन दिसणं म्हणजे धुराड्यातून धूर दिसणं. धूर दिसला की गावातला कुणीतरी विचारणारच, काय शिजतंय? म्हणून ती सोय आधी बंद करा. माझा नवरा तिकडे तीन नद्या ओलांडून बसलाय, पण मी चहा पिताना फोन उघडला तरी त्याला कळतं. घरी असताना त्याला मी मेले की जगले कळत नव्हतं!"

आणि एक मत तर बायांनी पाठच केलं होतं. नवीन काही उघडलं की फोन अटी दाखवतो आणि खाली एकच बटण ठेवतो, 'सहमत आहे'. बुरुल म्हणायची, "एकच बटण ठेवायचं आणि वर विचारायचं, सहमत आहेस का? माझ्याही कानात असेच डूल घातले होते. सासूबाई आल्या, चहा प्याल्या, कानात डूल अडकवले, झालं, ठरलं. तेव्हा मला वाटलं की ही आपल्याच गावाची रीत. आता कळलं, सगळं जग असंच चालतं."

हसता हसता बाया भलतंच बोलून जायच्या. फोटो लपवायचा कसा असं विचारणारी एकजण शेवटी सांगायची की फोटो कसला आहे. हातावरच्या वळांचा. जुम्गालची एक सून अशीच बोलली होती, जेमतेम ऐकू येईल इतकं हळू, मागे कोंबड्यांचा आवाज. असलं ऐकलं की बुरुल मोठ्याने बोलणं थांबवायची. ग्रुपात कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं, हे तिने फक्त स्वतःच्या हातात ठेवलं होतं.

"मलाही दे की एक किल्ली," कालीमान म्हणाली होती. "उद्या तुला काही झालं तर?"

"मला काय होतंय? दोघींकडे असलेली किल्ली ही किल्ली नसते. कोड कुणाला द्यायचा नाही. सख्ख्या बहिणीला नाही, नवऱ्याला नाही, कालीमानलाही नाही."

"अगं, मी तर तुझ्यासाठी जीव देईन."

"जीव दे. कोड मागू नकोस."

एवढी सगळी शहाणी बुरुल, पण तिचा नंबर तिच्या नावावर नव्हता. घरात पहिला नंबर आला तेव्हा मामंजींनी आपल्या ओळखपत्रावर दोन घेतले, एक स्वतःला, एक घराला. घराचा फिरत फिरत बुरुलकडे आला. तो कुणाच्या नावावर आहे हे ती जणू विसरूनच गेली होती.

मामंजींचं नाव मीही तुम्हाला आत्ताच सांगत नाही. आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही. ती 'थोरले' म्हणेल, 'घरचे मोठे' म्हणेल, डोळ्यांनी खूण करेल, पण नाव नाही. नावाच्या जवळ जाणारा शब्दसुद्धा नाही. मामंजींच्या नावात लोखंड आहे, म्हणून बुरुलने लग्नानंतर लोखंड हा शब्दच टाकला. ती 'काळं' म्हणायची. काळी कढई, काळा खिळा, आणि बालिक्चीला येते ती रेल्वे म्हणजे काळी वाट. नवी नवरी असताना एकदा तिच्या तोंडून तो शब्द सुटला होता. सासूबाई रागावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त बुरुलचा चहाचा वाडगा उचलला आणि पालथा घातला. त्या दिवशी त्या घरात तिला कुणी चहा दिला नाही. पुन्हा कधी शब्द सुटला नाही. रीत पाळता पाळता ती जिभेत मुरली, आणि जीभच तशी वळायला लागली.

मामंजी माणूस वाईट नव्हते. तरुणपणी कोक-बोरूचे नामी खेळाडू. बकऱ्याच्या धडासाठी घोड्यांची झोंबी लागायची, त्यात ते असे घुसायचे की मैदानावरचा सगळा जमाव त्यांचं नाव घेऊन ओरडायचा. आता गुडघे गेले. सासूबाई गेल्या. त्यांनी तरी नाव कुठे घेतलं होतं? 'सामातचे बाबा' म्हणून हाक मारण्यात त्यांचा जन्म गेला. बरोबरीचे सवंगडी एकेक करून गेले, शेवटचा मागच्या हिवाळ्यात. मामंजी दिवसभर अंगणातल्या उन्हात बाकावर बसायचे आणि मुलाने पाठवलेल्या मोठ्या फोनवर कोक-बोरूचे सामने बघायचे. आलेला निरोप मात्र कधी उघडायचे नाहीत. ते म्हणायचे, निरोप देणारा दारात येतो, बोटाखाली येत नाही.

इथेच घोटाळा झाला. नंबर वापरतं एक आणि मालक दुसरा, हे चालणार नाही, मालकाने पडताळणी करावी, असा निरोप फोन कंपनीने पाठवला. कुणाला पाठवला? मालकाला. एकदा, दोनदा, पाचदा. मामंजींच्या फोनात ते निरोप न उघडता पडून राहिले.

आणि नेमकं त्याच आठवड्यात बुरुलने ग्रुपाला सांगितलं होतं, "अधूनमधून सगळीकडून बाहेर पडावं आणि पुन्हा आत यावं, बायांनो. कुणी चोर आत बसला असेल तर आपोआप बाहेर राहतो." स्वतः सांगितलेलं स्वतः करावं म्हणून ती बाहेर पडली. आत यायला कोड हवा. कोड येणार नंबरवर. नंबर त्या सकाळीच बंद झालेला. चोर आत होता की नाही देव जाणे, बुरुल मात्र बाहेर राहिली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात ते हे.

आधी तिला हसू आलं. मग तिने कालीमानच्या फोनवरून कंपनीचं पान उघडून वाचलं, आणि हसू गेलं. रविवारपर्यंत पडताळणी झाली नाही तर नंबर रद्द होणार होता आणि पुढे दुसऱ्या ग्राहकाला मिळणार होता. नवा माणूस तो नंबर घालेल, कोड त्याच्याकडे जाईल, आणि बैठकीचं दार त्याला उघडेल. जुम्गालच्या सुनेचा तो हळू आवाज, मागच्या कोंबड्या, सगळं एखादा परका पुरुष पाय पसरून ऐकेल. शिवाय सगळ्या बायांना वाटेल, बुरुल-एजेच बसली आहे.

"ग्रुपात सांगून टाकते मी," कालीमान म्हणाली. "सगळ्यांनी आपापलं पुसा म्हणून."

"आठवडाआठवडा फोन न उघडणाऱ्या आहेत त्यात. कुरणावर तर धड रेंजही नाही. आणि जिचा नवरा फोन बघतो तिला तू कशी सांगणार, काय पुसायचं ते?"



मार्ग दोनच. एक, मालकाने स्वतः कंपनीच्या दुकानात जाऊन सही करायची. बुरुलने दुपारच्या जेवणाच्या वेळी धीर केला. मामंजींसमोर नान ठेवला, काइमाकची, दाट सायीची वाटी सरकवली, नजर खाली.

"मामंजी, माझा नंबर बंद पडलाय. तो तुमच्या नावावर आहे. बाजाराजवळच्या दुकानात पाच मिनिटं आलात तर—"

"बंद पडला?" मामंजींनी नानचा तुकडा मोडला. "पडू दे. त्या खोलीत बसून कुणाशी पुटपुटत असतेस कुणास ठाऊक. लोकर किड्यांना आवडते तशी तुलाही आवडायला लागलीय."

"कामाचं असतं, मामंजी."

"काम हातानं करतात. माझे गुडघे बाजारापर्यंत येत नाहीत. आणि बाई, घरात एक फोन पुरे आहे की. सामातचा फोन माझ्यावर येतो. तुला बोलायचं तर माझ्यासमोर बोल, मी काही जीभ कापून घेत नाही तुझी."

'माझ्यासमोर बोल' म्हणजे काय, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण ते सहज म्हणाले, आणि म्हणूनच तिला जास्त लागलं.

संध्याकाळी सामातचा फोन मामंजींवर आला. मामंजींनी तो तिच्या हातात दिला आणि तिथेच बसून राहिले.

"बाबांना कशाला त्रास देतेस?" सामात म्हणाला. मागे कुठलंतरी यंत्र घरघरत होतं. "गेला नंबर तर गेला. बरंच झालं. जेव्हा बघावं तेव्हा तू ऑनलाइन."

"हो," बुरुल म्हणाली. मामंजी समोर होते, दुसरं काय म्हणणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

त्या रात्री तिला रडू आलं नाही, रागच आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. स्वतःच्या नावाने नवा नंबर घेता आला असता. पण नवा नंबर हे नवं दार, जुन्याची कडी त्याने लागत नाही. घरात ती सर्वांत मोकळी होती ती त्या नमद्याच्या खोलीत, आणि आता कळलं की त्या खोलीची किल्लीसुद्धा सासऱ्यांच्या खिशात होती. ते माहीत नसताना निदान मोकळं वाटत होतं.

दुसरा मार्ग कंपनीच्या ॲपमधून होता. वापरणाऱ्याने कॅमेऱ्याकडे बघायचं आणि मालकाचं पूर्ण नाव मोठ्याने, स्पष्ट उच्चारायचं. चेहरा हलताना दिसला पाहिजे, आवाज त्याच तोंडातून आला पाहिजे. संधी तीन. सोपं काम, कुणीही करेल. ज्याने हे बनवलं त्याच्या डोळ्यांसमोर आमच्या गावची सून नसणार.

पहिली संधी बुरुलने सकाळी गमावली. खोलीचं दार लावलं, कालीमानचा फोन वळकटीला टेकवला, डोक्यावरचा रुमाल नीट केला, मनात नाव घोकलं. मनात घ्यायला बंदी नव्हती. लाल ठिपका लागला आणि तिचं तोंड बोललं, "हा नंबर आमच्या घरच्या थोरल्यांचा आहे."

नाव जुळत नाही, फोन म्हणाला.

ती फोनकडे बघतच राहिली. खोटं सांगायचं नव्हतं, लपवायचं नव्हतं, घाबरलीही नव्हती. जीभच आपली नेहमीच्या वाटेने गेली.

दुसरी संधी कालीमानने वाया घालवली. "तू नुसते ओठ हलव," ती म्हणाली, "मी मागून आवाज देते. मला कसली बंदी? मी काय त्यांची सून आहे?" आणि बुरुलच्या पाठीमागे लपून तिने मामंजींचं नाव असं ठणठणीत घेतलं की बुरुलने दचकून दोन्ही हातांनी कान झाकले. फोनला दिसलं काय? कान झाकून, तोंड मिटून बसलेली बाई.

आवाज आणि चेहरा जुळत नाही. शेवटची संधी.

"कान कशाला झाकलेस गं मुडदे!" कालीमान कपाळावर हात मारून म्हणाली.

"आपोआप झालं."

"आता काय आपोआप होणार आहे? घेऊन टाक ना नाव. मरत नाही कुणी. सासू जाऊन किती वर्षं झाली, वाडगा पालथा घालायला कोण आहे इथं?"

"तेच तर," बुरुल म्हणाली. "कुणी नाही. आणि तरी येत नाही."

दोन दिवस ती प्रयत्न करत राहिली. गोठ्यात, विहिरीवर, एकटीने. पहिलं अक्षर यायचं, पुढचं यायचंच नाही. जुन्या गोष्टींतल्या सुना असतात तशा आपण झालो आहोत, शेकडो बायांना अक्कल शिकवणारी बाई एका नावाला अडली आहे, याची तिला लाज वाटली. आणि त्याहून विचित्र म्हणजे नाव घेतलं तर मागे काय उरेल याची भीतीही वाटली. इतकी वर्षं त्या घरात तिने जे सांभाळलं, त्यातलं तिचं स्वतःचं म्हणावं असं हेच होतं. नवरा नव्हता, आवाज नव्हता, नंबर नव्हता. रीत तेवढी पुरती पाळली होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

शनिवारी कालीमान धावत आली. "जुम्गालची ती ग्रुपात तुला विचारतेय. म्हणते, एजे, मी बोललेलं सगळं पुसलंत ना? त्याने माझा फोन घेतलाय, मी जावेच्या फोनवरून लिहितेय. तू तर आत नाहीस. मी काय सांगू?"

बुरुल उठली. तिने कालीमानचा फोन घेतला, नमद्याच्या खोलीत गेली आणि दार लावलं. या वेळी डोक्यावरचा रुमाल नीट केला नाही. लाल ठिपका लागला. पहिलं अक्षर आलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याबरोबरच पुढचं सगळं बाहेर पडलं.

"तेमिरकुल," ती म्हणाली. "सुयुनबायेव तेमिरकुल!"

गरजेपेक्षा फारच मोठ्याने म्हणाली. ग्रुपात बोलायची त्याच आवाजात. लोकरीने तो पिऊन टाकला. खोली होती तशीच राहिली, छत कोसळलं नाही.

पडताळणी पूर्ण, फोन म्हणाला. तिने घाईघाईने आपला फोन चालू केला, कोड आला, दार उघडलं. जुम्गालच्या सुनेचे सगळे निरोप तिने एकेक करून सगळ्यांच्या फोनांतून पुसले आणि खाली दोनच शब्द लिहिले, 'पुसलं गं'. मग भिंतीला टेकून बसली.  तेव्हा कुठे तिने कालीमानच्या फोनवरची दुसरी ओळ वाचली.

नंबरच्या मालकाला ध्वनिचित्रफितीसह कळवण्यात आलं आहे.

मामंजी निरोप उघडत नाहीत. बुरुलने स्वतःला हे दहादा सांगितलं. पाच निरोप पडून आहेत, सहावाही पडेल. हे सांगत सांगत तिने चहा केला, तळलेले बोऑरसोक, कणकेचे ते फुगीर तुकडे, ताटलीत घेतले आणि अंगणात गेली.

बाकावर मामंजी पाठमोरे होते. फोनवर घोडे दिसत नव्हते. फोनवर डोक्यावरचा रुमाल घसरलेली, डोळे भरलेली एक बाई होती, आणि ती तोंड उघडून ओरडत होती, सुयुनबायेव तेमिरकुल!

किटली बुरुलच्या हातातून पडली नाही एवढंच.  मामंजींनी वळून पाहिलं. तिने मान खाली घातली. आता बोलणार, आता सामातला फोन लावणार, आता चहाचा वाडगा पालथा घालणार.

"घोडे बघता बघता आपोआप उघडलं हे, पण थांबतं," मामंजी म्हणाले. "पुन्हा लावायला बघतो तर घोडेच येतात. माझं बोट नीट लागत नाही."

तिला काही समजेना.

"ये इकडं. पुन्हा लाव."

ती पुढे झाली. किटली खाली ठेवली आणि आपल्याच बोटाने आपलाच अपराध पुन्हा लावला. सुयुनबायेव तेमिरकुल!

"मोठ्यानं होतं का अजून?"

"होतं, मामंजी."

तिने आवाज वाढवला. मामंजींनी मान जरा वर केली. डोळे रस्त्यापलीकडच्या मैदानाकडे होते. तिथे आता बटाटे लावले होते, पण पूर्वी तिथेच घोडे धावायचे. दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा ऐकलं.

"मागच्या हिवाळ्यात तो म्हातारा गेला," ते म्हणाले, "त्यानंतर माझं नाव कुणी घेतलंच नव्हतं. सगळे आजोबा म्हणतात. डॉक्टरीणपण आजोबा म्हणते. कधी कधी मला स्वतःलाच म्हणून बघावं लागतं, आहे का ते अजून."

बुरुलने आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे सरळ पाहिलं. तिला त्यांची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला, कारण तिच्यावर कुणी अशी दया केली नव्हती. पण ते मऊ झाले होते, आणि असा क्षण त्या घरात पुन्हा येणार नाही हे तिला ठाऊक होतं. ती खालच्या आवाजात म्हणाली, "मामंजी, एक मागू?"

"माग."

"नंबर माझ्या नावावर करून द्या. तुम्हाला बाजारात यायला नको, तुम्ही हो म्हणालात की इथंच फोनवर होतं."

मामंजींनी विचार केला. त्यांचा अंगठा काचेवर, त्या थांबलेल्या चेहऱ्याच्या कडेला फिरत होता.

"हे पुन्हा विचारतात का?" त्यांनी विचारलं. "की एकदाच?"

"आता दर वर्षी विचारणार आहेत. नंबर दुसऱ्याच्या नावावर असला की."

"आणि तुझ्या नावावर केला तर?"

खोटं बोलता आलं असतं. कुणाला कळणार होतं?

"मग नाही विचारत," बुरुल म्हणाली.

मामंजींनी वाडगा पुढे केला.

"मग राहू दे माझ्याच नावावर," ते म्हणाले. आवाज इतका मवाळ होता की हो म्हणाल्यासारखाच वाटावा.

तिने चहा ओतला, मानाच्या पाहुण्याला देतात तसा अर्धा वाडगा. मामंजींनी दुसऱ्या हाताने फोन गुडघ्यावर धरला होता. या वेळी त्यांचं बोट बरोबर लागलं. अंगणभर बुरुलचा मोठा आवाज घुमला, भिंतीपलीकडे कालीमानलाही ऐकू गेला असेल.

"घ्या, मामंजी," ती हळूच म्हणाली.